न खाणाऱ्याचा बाजार

मी आयुष्यात साडेसात महिने संत होतो. ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच त्याच्या पुढच्या महिन्यांची चौकशी करतो. पण अहेरीच्या आमच्या घरमालकांबद्दल लिहायचं तर माझ्या संतपणाला वळसा घालून जाता येत नाही. त्यांच्याकडे बघूनच मला ती बाधा झाली होती.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. अहेरीच्या शाळेत माझी मास्तर म्हणून बदली झाली, तेव्हा वर्ध्याकडच्या माझ्या नातलगांनी मला असा निरोप दिला, की मी परत येणार नाही अशी त्यांची खात्री झालेली दिसली. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको बल्लारपूरची, तिचे वडील कागद कारखान्यात कामाला. तिला जंगलाचं काही वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं, पण मी मास्तर असल्यामुळे बोलता येत नव्हतं.

घरमालकांना सगळा गाव भाऊ म्हणे. ते सागवानाच्या डेपोवर लाकडं मोजायचे. ओंडक्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करून तो आतून पोकळ आहे की भरीव, हे सांगायचे, आणि करवत लागली की ते खरं निघायचं. अंगानं काटक, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, खांद्यावर पंचा, आणि बोलणं इतकं कमी की पहिले आठ दिवस मला ते रागावलेलेच वाटले. नवव्या दिवशी कळलं की ते खूश होते.

भाऊ मांस, मासे, अंडी काही खात नसत. तसे माळ घातलेले लोक गावात चारदोन होतेच. पण भाऊंनी माळ घातलेली नव्हती, आणि ते दूधही पीत नसत. दही, ताक, तूप, काही नाही. भातावर जवसाचं कच्चं तेल घ्यायचे आणि गुळाचा काळा चहा प्यायचे. तरुणपणी त्यांच्या गायीचं वासरू मेलं. गायीनं पान्हा सोडावा म्हणून घरच्यांनी रीतीप्रमाणे त्याच्या कातड्यात तणस भरून ते गायीपुढे उभं केलं. गाय ते चाटत राहिली आणि इकडून धार काढणं चाललं. भाऊ बघत उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी दूध सोडलं. एवढीच हकीकत, आणि तीही मला इतरांकडून कळली. त्यांना कोणी विचारलं की ते म्हणत, "मले जमत नाई." कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "नाईच जमत ना जी."

आता या माणसाच्या घरी आठवडी बाजाराचा माल कोण आणायचं? तेच. आणि त्यांच्या घरी काय काय लागायचं! बायकोला मासळी, मोठ्या मुलीला कोंबडी, जावई आला की मटण, धाकटीला अंडी, आणि झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी, तर बारमाही. सगळ्यांच्या आवडी त्यांना पाठ. सकाळी दोन पिशव्या घेऊन निघायचे, एक भाजीची आणि एक 'त्यांची'. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा मला वाटलं हे लांबूनच बोट दाखवतील, नाकाला पंचा लावतील. भाऊ मासळीच्या ओळीत उकिडवे बसले. एकेक मासा उचलायचा, कल्ले उघडून लाली बघायची, पोटावर अंगठा दाबायचा, डोळ्यात बघायचं. ढिवरीण म्हणाली, "आजचाच हाय भाऊ, पहाटेचा." भाऊ म्हणाले, "परवाचा हाय बाई. पहाटे तू त्याले पाणी मारलं." ती हसली आणि टोपलीच्या तळातून दुसरा काढला.

मटणवाल्या चाचांची गोष्ट याहून निराळी. ते भाऊंना बघितलं की काही वेळा हातानंच परत जा म्हणून खुणवायचे. "आज मत लो भाऊ. बुड्ढा है, गलेगा नहीं." बाकीच्या गिऱ्हाइकांना तोच बकरा कोवळा म्हणून जायचा. मी त्या बाकीच्यांत होतो. एकदा चाचांना विचारलं, तर ते सुरीवरून नजर न उचलता म्हणाले, "खानेवाले को बोलो तो वो भाव कम करता है. ये आदमी खाताच नहीं, इससे क्या झूठ बोलना?"

हळूहळू मला कळलं की अर्धा बाजार भाऊंना दाखवून मासळी घेतो. माणसं मासा शेपटीला धरून त्यांच्यापुढे लोंबकळवायची. भाऊ मान हलवायचे, किंवा हलवायचे नाहीत. मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, तुम्हाला चव माहीत नाही, मग कळतं कसं?"

"ज्याच्या तोंडाले पाणी सुटते ना मास्तर, त्याले कल्ला दिसत नाई," भाऊ म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य ते हेच.

मी या माणसावर भाळलो. आता भाळणारा शहाणा असता तर तो मासा पारखायला शिकला असता. मी मास्तर होतो, म्हणून मी तत्त्व उचललं. शाळेच्या स्नेहसंमेलनात भूतदयेवर भाषण करता करता मला इतकं भरून आलं, की आजपासून मी मांसाहार आणि दूध दोन्ही सोडत आहे, असं मी सगळ्या गावासमोर जाहीर केलं. टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. भाऊ मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण मला वाटलं त्यांचा पंचा हातात अडकला असेल.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आजपासून या घरात मासळी शिजणार नाही."

"तुमी सोडली ना? मी नाई सोडली," ती म्हणाली.

"एका घरात दोन रीती नकोत," मी म्हणालो. हे वाक्य भाषणात वापरायचं राहिलं होतं, ते इथे वापरलं. तव्यावरची भाकर तिनं उलटली, ती जरा जास्तच जोरात उलटली, एवढंच.

माझं संतपण सुरू झालं. मी जवसाचं तेल खायला लागलो आणि ते मला पचत नाही हे कोणाला कळू दिलं नाही. भाऊंसारखं कमी बोलायचा प्रयत्न केला, पण शिकवणं हा धंदाच असल्यामुळे ते अंगलट आलं. दूध सोडलं होतं, पण हेडमास्तरांकडे दुधाचा चहा आला तर घ्यायचो, यजमानाचं मन मोडू नये म्हणून. आणि चांद्याला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं, तेव्हा दोन्ही वेळा मटण खाल्लं. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं आणि पंगतीत वेगळं मागणं हा मला अहंकार वाटला. अहंकाराची मला फार भीती होती.

माझ्या संतपणाच्या सहाव्या महिन्यात बायकोला दिवस राहिल्याचं कळलं. मला आनंद झाला. तिला उलट्या व्हायच्या, काही जायचं नाही. ती वाळत चालली. मी तिला वरणभाताचे गुण समजावून सांगायचो. भाऊंच्या घरी मासळी शिजली की ती काहीतरी निमित्त काढून तिकडे जायची, वाटीभर मीठ, चुलीतला विस्तव. मला ते कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

एक दिवस शाळेतून लवकर आलो. भाऊंच्या स्वयंपाकघराच्या दारात ही बसली होती. पाठ आमच्या घराकडे, मांडीवर पदराखाली ताटली, आणि भाऊंची बायको, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, हिला वाढत होत्या. मी जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मी दारात उभा राहून बाईंना म्हणालो, "माझ्या बायकोला तुम्ही हे पुन्हा वाढायचं नाही. आमच्या घराचा नेम आहे."

बाई म्हणाल्या, "मास्तर, डोहाळे हायेत तिले. पोटातलं मागून राह्यलं ते."

मी म्हणालो, "पोटातल्यालाही नेम लागेल."

भाऊ अंगणात खाटेची दोरी आवळत होते. त्यांनी सगळं ऐकलं. दोरी ओढायची थांबली आणि परत सुरू झाली. माझ्या बायकोनं ताटली खाली ठेवली, उठली, हात धुतला. चौथ्या दिवशी बल्लारपूरहून तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते. ही चौथ्यातच गेली, आणि त्याचा अर्थ गावात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

निघताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं नमस्कार करेल. ती हळू आवाजात म्हणाली, "अवो, चांद्याहून आले तवा तुमच्या कोटाले मटणाचा वास होता. मी दोनदा धुतला. बोलली नाई. पण आता मी येईन का नाई, ते मले माईत नाई."

मोटर धूळ उडवत गेली. मी पंधरा दिवस एकटाच वरणभात रांधून खाल्ला. संताला याहून चांगली संधी कोणती? पण मला तो घशाखाली उतरेना.

सोळाव्या दिवशी भाऊ बाजारातून थेट माझ्या दारात आले. हातात गाडगं होतं, त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आत काहीतरी जोरात फिरलं आणि मी मागे सरकलो.

"मरळ हाय," भाऊ म्हणाले. "जित्ता. दिवसभर मरत नाई हा, वल्ला ठेवला तर. घंट्याघंट्यानं पाणी मारा. सासरी जा. तुमच्या बाईच्या हातात द्या. काई बोलू नका."

काई बोलू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांना मी नीट माहीत होतो.

त्या काळी आष्टीला वैनगंगेवर पूल नव्हता. मोटर अलीकडे थांबायची, माणसं नावेनं पलीकडे जायची आणि तिकडे दुसरी मोटर मिळायची. मी गाडगं मांडीवर धरून नावेत बसलो. फडकं सोडून पाणी घातलं, तर मरळ वर आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणजे बघितलं असेल किंवा नसेल. पण नावेत पंधरावीस माणसं होती, नदी होती, आणि मी साडेसात महिन्यांचा संत होतो. मला वाटलं, ज्या जिवाला मी सकाळपासून पाणी पाजून जगवतोय, त्याला मी मारायला नेतोय! आयुष्यात असा प्रसंग पुन्हा येणार नाही. मी उभा राहिलो. गाडगं उपडं केलं. मरळ एकदा उसळला आणि गेला.

"येडा झाला का बाप्पा!" नावाडी ओरडला. "येवढा मरळ!" एका म्हातारीनं कपाळाला हात लावला. पण टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले, आणि माझं सगळं नुकसान त्या हात जोडण्यानं केलं. उरलेली वाट मी तरंगत गेलो.

सासरी पोचलो तर सासरे पाळीवर गेलेले, सासूबाईंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. बायको बाहेर आली. आणखी वाळली होती. भाऊंनी सांगितलं होतं की बोलू नका. मी बोललो. भाऊंनी मासा दिला इथपासून नदीपर्यंत सगळं सांगितलं, म्हाताऱ्याच्या हात जोडण्यासकट. आवाज सुद्धा जरा भाषणातला लागला असावा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणता होता?"

"मरळ."

"केवढा?"

मी दोन हात पसरून दाखवलं. ती माझ्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. किती वेळ बघत होती कोण जाणे, माझे हात दुखायला लागले तरी मला ते खाली घेता येईनात. मग ती आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही.

अहेरीला परतल्यावर भाऊंना सांगणं भागच होतं. ते अंगणात बसून पिशव्या उलट्या करून झटकत होते. माझं ऐकून झालं तरी झटकतच राहिले. मी म्हणालो, "भाऊ, निदान तुम्हाला तरी कळेल. एक जीव वाचवला."

"तो मासा कोणाचा होता मास्तर?"

"तुम्ही दिलेला."

"मी तुमच्या बाईसाठी देल्ता. तो तिचा होता." भाऊंनी पिशवीची घडी केली. "तुमी दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दान केलं. अन् नमस्कार घेतला."

ते उठून डेपोवर गेले. मी तिथेच बसलो. बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याईच्यावर रागावू नका मास्तर. तुमच्यावर नाई रागावले ते." मग त्या पायरीवर टेकल्या आणि मला ती गोष्ट सांगितली, जी भाऊंनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

भाऊंनी सगळं सोडलं तेव्हा त्यांनीही घराला नेम लावला होता. चुलीवर मासळी-मटण काही चढू द्यायचे नाहीत. पुढे त्यांची आई आजारी पडली. अन्न सुटलं होतं तिचं. एक दिवस तिनं झिंग्याचा रस्सा मागितला. "म्हणे, दोन घोट दे रे बाबू. यायनं नाई म्हटलं. समजावून सांगत राह्यले तिले. तुमच्यावानीच बोलत तवा, लय बोलत. ती आयकत राह्यली. तिसऱ्या दिवशी गेली." बाईंनी पदरानं नाक पुसलं. "तवापासून बाजार तेच करतात. अन् बोलत नाईत."

मला खूप लाज वाटली. दुसऱ्याचं व्रत बघून मी व्रत घेतलं होतं, आणि त्यातला जो भाग भाऊंनी पश्चात्तापानं टाकून दिला होता, नेमका तोच वेचून घरी आणला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी भाऊंच्या आधी पिशवी घेऊन उभा राहिलो. तेही पिशव्या घेऊन बरोबर आले. मासळीच्या ओळीत मी उकिडवा बसलो. भाऊ माझ्या मागे, हात पाठीशी बांधून उभे. मी कल्ले उघडले, अंगठा दाबला, एक मरळ हातातून निसटून ढिवरिणीच्या मांडीवर गेला. ओळीतले सगळे हसले, तीही हसली. शेवटी एक पसंत केला आणि वर बघितलं. भाऊ दुसरीकडेच बघत होते.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"मले काय विचारता? खाणारीले विचारा."

या वेळी नावेत मी गाडग्यावर उपरणं गच्च बांधलं आणि मांडी घालून त्याच्यावर वाकून बसलो. नावाडी तोच होता. त्यानं मला ओळखलं आणि पैलतीर येईपर्यंत माझ्या हातांवर नजर ठेवली.

सासरी मी दारातच गाडगं बायकोच्या हातात दिलं आणि तोंड बंद ठेवलं. तिनं उपरणं सोडलं. मासा जिवंत होता.

"भाऊनं निवडला?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"दिसतेच," ती म्हणाली. "लहान हाय." आणि गाडगं घेऊन ती मागच्या दारी गेली. मीही मागे गेलो. मासा हातातून निसटू नये म्हणून राख आणून दिली, पाणी ओतलं, विळा धरला. तो मासा मारताना मी तोंड फिरवलं नाही. तिनं रांधला, तिनं वाढून घेतला, आणि माझ्याकडे तोंड करून ती जेवायला बसली. हात धुऊन आली आणि म्हणाली, "सातव्या महिन्यालोक येतो मी तिकडं. मंग परत यीन इकडं बाळंतपणाले." मला एकाएकी रडू आलं. सासूबाईंना वाटलं राख डोळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी अहेरीला पोचलो. भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. त्या वेळी ते डेपोवर असायला हवे होते. ती येणार आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच विचारलं.

"खाल्ला का तिनं?"

"खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

"पयले काय घेतलं?"

"डोकं."

"अन् रस्सा? रस्सा पेली का?"

"दोनदा घेतला. वाटी तोंडाला लावून प्यायली."

भाऊंनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं, डोक्यापासून वाटीपर्यंत, काही न वगळता. त्यांनी पंच्यानं चेहरा पुसला, बराच वेळ पुसला, आणि आतल्या बाजूला वळून हाक मारली.

"आयकलं का वो? मले जेवाले वाढ."

बाई दारात आल्या. त्यांचेही डोळे भरलेले होते. "काल सकाळपासून अन्नाले शिवले नाईत," त्या मला म्हणाल्या, आणि ताट मांडायला आत गेल्या.